भेगा वाचायला कोण शिकवणार?

महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बस व काही खासगी वाहने प्रवाशांसह वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या हिमालय पादचारी पुलाचा भाग ऐन गर्दीच्या वेळी खाली आला आणि सात जणांचे प्राण गेले. या पुलाचेही स्ट्रक्चरल ऑडिट आधीच झाले होते आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दुर्घटनेनंतर महापालिकेच्या प्राथमिक चौकशीने या ऑडिटवरच बोट ठेवले. या दोन दुर्घटनांची कारणे वेगळी असली, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी तपासणी झाली होती. तपासणाऱ्याला जे दिसायला हवे होते ते दिसले नाही, किंवा दिसले तरी त्याचा अर्थ लागला नाही. अशा वेळी आपण कंत्राटदार, अधिकारी आणि कायदा यांच्याकडे वळतो. ते आवश्यकच आहे. पण तपासणाऱ्याची नजर जिथे घडते, त्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गाकडे मात्र कोणी पाहत नाही. आपला पदवी अभ्यासक्रम नवे बांधायला शिकवतो. उभे असलेले तपासायला आणि सांभाळायला शिकवत नाही. ही उणीव शेवटच्या वर्षातल्या एखाद्या ऐच्छिक विषयाने भरून निघणारी नाही. तिच्यासाठी अभ्यासक्रमाचा कलच बदलावा लागेल.

स्थापत्य शाखेचा विद्यार्थी चार वर्षांत जी गणिते सोडवतो, त्यांची घडण एकच असते. गाळा किती मीटरचा, भार किती, काँक्रीट आणि पोलाद कोणत्या प्रतीचे, हे प्रश्नात दिलेले असते. तुळईची रुंदी, खोली आणि सळया किती, हे उत्तरात काढायचे असते. उत्तर एक असते, ते पुस्तकाच्या मागच्या पानावर असते आणि ते चुकले तर लगेच कळते. शिस्त म्हणून हे शिक्षण उत्तम आहे आणि ते टिकलेच पाहिजे. पण उभ्या इमारतीपुढे हाच विद्यार्थी गेला की गणित उलटे होते. तुळई समोर असते, तिच्या पोटाला भेग असते, गिलाव्याला फुगवटा आलेला असतो. आत सळया किती आहेत हे माहीत नसते, मूळ नकाशा सापडत नाही, पन्नास वर्षांत कोणी कुठली भिंत काढली आणि गच्चीवर किती थर वाढवले याची नोंद नसते. परिणाम दिसतो आहे, कारण शोधायचे आहे आणि एकाच परिणामामागे तीन-चार कारणे असू शकतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला लक्षणावरून रोगाकडे जाण्याचा हा उलटा प्रवास वर्षानुवर्षे रुग्णाच्या खाटेशेजारी उभे करून शिकवला जातो. स्थापत्य अभियंत्याला तो कोणी शिकवत नाही. नोकरीत चुका करत करत त्याने तो शिकावा, अशी अपेक्षा असते. त्या चुकांची किंमत मात्र त्या छताखाली राहणारे भरतात.

भेग म्हणजे काय, एवढाच प्रश्न घेतला तरी हे अंतर कळते. तुळईच्या मध्यभागी, खालच्या अंगाला आलेल्या बारीक उभ्या भेगा वाकण्याने आलेल्या असतात आणि मर्यादेत असतील तर काँक्रीटच्या बाबतीत त्या अपेक्षितच असतात. आधाराजवळ तिरकी जाणारी भेग कर्तनबलाची असू शकते. ती पूर्वसूचना फारशी देत नाही, म्हणून तिच्याकडे वेगळ्याच गांभीर्याने पाहावे लागते. सळईच्या रेषेत सरळ धावणारी, कडेला तपकिरी डाग असलेली भेग आतल्या गंजाची खूण आहे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा पृष्ठभाग आक्रसल्याच्या असतात आणि त्यांनी इमारतीला धोका नसतो. विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीने वर चढणारी भेग पायाच्या असमान खचण्याकडे बोट दाखवते. मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीवरच्या घरांच्या भेगा तर ऋतूबरोबर हलतात, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अशी भेग एका दिवसाच्या पाहणीत ओळखता येत नाही. वर्षभर मोजावी लागते. या प्रत्येक वाक्यामागचे शास्त्र विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेले असते. वाकणे, कर्तनबल, मातीचे फुगणे, सगळे त्याला पाठ असते. त्या शास्त्राला भिंतीवर ओळखण्याचा सराव मात्र त्याला कधीच मिळालेला नसतो. त्यामुळे तो एक तर प्रत्येक भेगेला घाबरतो आणि सगळी इमारत पाडा म्हणतो, नाही तर प्रत्येक भेगेवर गिलावा मारून मोकळा होतो.

काँक्रीटच्या कव्हरचे उदाहरण याहून बोलके आहे. सळई आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांच्यात किती अंतर हवे, हे आयएस ४५६ या भारतीय मानकात दिलेले आहे. सौम्य परिस्थितीत ते २० मिलिमीटर आहे, तर समुद्राच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर. विद्यार्थी हा आकडा तक्त्यातून उचलतो, गणितात घालतो आणि पुढे जातो. त्या आकड्यामागे काळाचा केवढा हिशेब आहे, हे त्याला सहसा कळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि सळईला गंजण्यापासून राखणारी अल्कता नष्ट करत जातो. अल्कता गेलेला हा थर ज्या खोलीपर्यंत पोचतो, ती साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २० मिलिमीटर पार करायला जिथे चाळीस वर्षे लागली असती, तिथे मिस्त्रीने सळईखालचे कव्हर ब्लॉक नीट न लावल्यामुळे कव्हर १० मिलिमीटर राहिले, तर वीस नव्हे, दहाच वर्षे लागतात. अर्धे कव्हर म्हणजे पाव आयुष्य. त्यानंतर सळई गंजू लागते. गंज मूळ पोलादापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो, आतून काँक्रीट फोडतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडू लागतात. हे सगळे पाहायला महागडी यंत्रे लागत नाहीत. काँक्रीटचा ताजा फोडलेला तुकडा घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडले, की अल्कता शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो आणि गेलेला भाग बिनरंगी राहतो. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असलेली ही बाटली विद्यार्थ्याने एकदा जुन्या स्लॅबवर वापरली, तर कव्हरचा आकडा तो आयुष्यात विसरणार नाही. उद्या स्वतः साइटवर उभा असताना काँक्रीट ओतण्याआधी तो सळईखाली वाकून पाहील. म्हणून जुने तपासण्याचे शिक्षण हे नवे चांगले बांधण्याचेही शिक्षण आहे.

अभ्यासक्रमाचा कल असा का झाला, याला इतिहास आहे आणि तो समजून घ्यायला हवा. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार करायला. आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचे मूळ ते आहे. स्वातंत्र्यानंतर देशाला धरणे, कालवे, पूल, कारखाने, घरे हवी होती आणि ती घाईने हवी होती. त्या काळच्या अभ्यासक्रमाने नव्या बांधकामावर भर दिला, हे योग्यच होते. पण त्या पिढीने उभारलेले काँक्रीट आता पन्नाशी-साठीत आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचे संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. सार्वजनिक बांधकाम खात्यात पावसाळ्याआधी आणि नंतर पुलांची पाहणी करायची असते. कायद्याने मागणी निर्माण केली, पण ती पुरवणारे हात घडवण्याची जबाबदारी शिक्षणाने उचलली नाही. परिणामी जिल्हा परिषदेत किंवा बांधकाम खात्यात नव्याने रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्याच्या हाती पहिल्याच उन्हाळ्यात पाहणीचा तक्ता येतो. त्या तक्त्यातल्या रकान्यांचा अर्थ त्याला कोणी शिकवलेला नसतो. दगडी पुलाचा पाया पाण्याखाली असतो आणि त्याच्या बुडाची माती प्रवाहाने खरवडली जाऊ शकते. रस्त्यावरून चालत केलेल्या पाहणीत हे कधीच दिसणार नाही, ही साधी गोष्टही त्याने अनुभवातूनच शिकायची असते.

नवे बांधकामसुद्धा आता कोऱ्या जमिनीवर होत नाही. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथाकडचा भाग रेल्वेच्या रुळांवर कोसळला आणि त्यानंतर मुंबईतल्या ४४५ पुलांच्या सुरक्षा तपासणीत आयआयटी मुंबईची मदत घेण्याची घोषणा झाली. पुढे गोखले पूल पाडून नव्याने बांधला गेला. रेल्वेच्या नियमाप्रमाणे त्याची उंची वाढली आणि २०२४ मध्ये तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळेना. अखेर आयआयटी आणि व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून एका बाजूला सुमारे १.४ मीटर उचलावा लागला. उचलण्याचे ते काम कौशल्याचे होते यात शंका नाही. पण नव्याची आखणी करताना जुने काय आहे, ते किती हलू शकते आणि कुठे जोडले जाणार आहे, हा प्रश्न पहिल्या रेषेपासून समोर असायला हवा, हा धडा त्यातून घ्यायचा आहे. मेट्रोचे खांब जुन्या चाळींच्या शेजारी उतरतात, नव्या जलवाहिन्या जुन्या गटारांखालून जातात, पुनर्विकासातली खोदाई शेजारच्या इमारतीच्या पायाला भिडते. कोऱ्या कागदावर तुळई काढून पदवी मिळवलेल्या अभियंत्याला हे जग परके वाटते.

खरे तर या विषयाचे उत्तम धडे महाराष्ट्रातच आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले. उंच भागांच्या दोन्ही अंगांना, डोक्यापासून साधारण ३६ मीटर खाली, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. धरणाची रचना करताना भूकंपाचा भार वजनाच्या पाच टक्क्यांइतका धरला होता आणि प्रत्यक्षात आलेला धक्का त्याहून कितीतरी मोठा होता. तडे का आणि नेमके तिथेच का गेले, हे ओळखून उंच भागांना मागून टेकू देणाऱ्या भिंती बांधल्या गेल्या आणि धरण आजही उभे आहे. जगभरच्या अभियांत्रिकी संगणनात कोयना हे इतके मोलाचे उदाहरण मानले जाते, की ॲबॅकस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या सोबत मिळणाऱ्या नमुना गणितांत ते आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. १९६९ मध्ये त्याला तडे आणि गळती दिसली, तेव्हा त्यालाही मागून टेकू देऊन मजबूत करण्यात आले आणि ते आता शंभरीला पोचले आहे. ही दोन्ही कामे नव्या धरणाच्या बांधणीइतकीच अभिमानाची आहेत. सातारा किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयात धरणाचे गणित शिकवताना आपल्याच जिल्ह्यातले धरण का वाचले, हा प्रश्न परीक्षेत यायला हवा. जे वाचवले गेले त्याचा अभ्यास केल्याशिवाय वाचवण्याची विद्या पुढच्या पिढीकडे जात नाही.

या मागणीवर पहिला आक्षेप असा येईल, की इमारती आणि पूल पडतात ते भ्रष्टाचाराने; अभ्यासक्रम बदलून काय होणार? यात तथ्य आहे. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले. ती उभी राहत असताना कुठल्याही विषयाच्या ज्ञानाने ते बांधकाम थांबले नसते. तिथे कायदा आणि यंत्रणा हरली. पण भ्रष्टाचाराला सगळ्यात जास्त आधार मिळतो तो अज्ञानाचा. जेव्हा गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला, कनिष्ठ अभियंत्याला आणि ऑडिट करणाऱ्यालाही पाहणीचा अहवाल कसा असावा हे माहीत नसते, तेव्हा चार छायाचित्रे आणि ठरलेली वाक्ये असलेला अहवाल सहज खपतो. कोणती तुळई तपासली, हातोडीने ठोकल्यावर कुठे पोकळ आवाज आला, अल्कता किती खोलीपर्यंत गेली, भेगेची रुंदी कोणत्या तारखेला किती होती, हे विचारणारी माणसे प्रत्येक कार्यालयात असतील, तर खोटा अहवाल लिहिणे अवघड होते. ज्ञानाने भ्रष्टाचार संपत नाही, पण त्याला लपायला जागा कमी राहते.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीचे श्रेयांक १६० वर आणले ते ओझे कमी करण्यासाठीच. त्यात आणखी एक विषय कुठे बसवायचा? दुरुस्ती आणि पुनर्वसनाचा ऐच्छिक विषय आहेच, आणि खोल अभ्यास पदव्युत्तर स्तरावर होतो, असेही सांगितले जाईल. पण नवा विषय वाढवा, अशी ही मागणीच नाही. जे विषय आहेत, त्यांच्यातली काही गणिते उलटी करा. काँक्रीट तंत्रज्ञानात घन ठोकळे फोडण्याच्या प्रयोगाबरोबर जुन्या काँक्रीटची तपासणी ठेवा. मृदा अभियांत्रिकीत पायाच्या रचनेबरोबर खचलेल्या भिंतीचे निदान द्या. सर्वेक्षणात माळरानावरच्या खुंट्यांबरोबर झुकलेल्या पाण्याच्या टाकीचा कल मोजायला लावा. ऐच्छिक विषयाची अडचण अशी, की तो निवडणाऱ्यालाच मिळतो आणि पाहणीचा तक्ता मात्र सगळ्यांच्या हाती येतो. पदविका अभ्यासक्रमात देखभाल-दुरुस्तीचा विषय आहे, म्हणजे हे ज्ञान अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना झेपते, हे आपणच मान्य केले आहे. मग पदविकाधारकाने करायचे आणि पदवीधराने नुसती सही करायची, ही वाटणी कोणत्या तर्काने टिकते? आणि पदव्युत्तर शिक्षणापर्यंत फार थोडे जातात. गावातल्या शाळेच्या छताखाली उभा राहणारा अभियंता बहुधा पदवीधरच असतो.

तिसरा आक्षेप साधनांचा आणि शिक्षकांचा आहे आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. अनेक महाविद्यालयांत प्रयोगशाळाच तोकड्या आहेत आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी जुनी इमारत तपासलेली नसते. पण या अभ्यासासाठी लागणारी सगळ्यात मोठी प्रयोगशाळा प्रत्येक महाविद्यालयाकडे आधीच आहे, ती म्हणजे त्याची स्वतःची इमारत, वसतिगृह आणि शेजारच्या ओढ्यावरचा पूल. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला असे एक बांधकाम द्यावे आणि पदवी संपेपर्यंत ते त्यांच्याकडेच ठेवावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्यांनी त्याची पाहणी करावी. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का ते पाहावे, ओळंब्याने खांबाचा कल मोजावा, ओल कुठून कुठे सरकली ते नकाशावर आखावे, तिसऱ्या वर्षी काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा रिबाउंड हॅमर वापरून त्याच्या आकड्यांच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. हा अभ्यास म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही, हे स्पष्ट असावे. धोका दिसला तर तो संबंधित कार्यालयाला कळवण्याची पद्धत ठरलेली असावी. शिक्षकांच्या सोबतीला बांधकाम आणि जलसंपदा खात्यातले निवृत्त अभियंते यावेत. उद्योगातल्या अनुभवी माणसांना शिकवण्यासाठी बोलावण्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या रूपाने दिलेलीच आहे. राज्य सरकारने दुर्घटनांच्या चौकशीचे तांत्रिक अहवाल महाविद्यालयांसाठी खुले करावेत. पूल पडल्यावर जे शिकायला मिळते, ते फायलीत बंद राहिले तर त्या मृत्यूंमधून कोणीच काही शिकत नाही.

आणि परीक्षा बदलली पाहिजे, कारण आपल्याकडे परीक्षेत जे येते तेच शिकले जाते. शेवटच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत एका जुन्या स्लॅबचे छायाचित्र, भेगेची मोजमापे आणि इमारतीचा अर्धवट इतिहास द्यावा. शक्य असलेली तीन कारणे कोणती, त्यांपैकी खरे कोणते हे कोणत्या चाचणीने ठरेल आणि तोपर्यंत त्या खोलीत माणसांना राहू द्यावे का, असे विचारावे. उत्तर एकच नसेल आणि गुण विचाराच्या वाटेला द्यावे लागतील. संगणक शाखेकडे ओढले जाणारे हुशार विद्यार्थी स्थापत्याकडे वळवायचे असतील, तर त्यांना बुद्धीला आव्हान देणारे असे प्रश्नच द्यावे लागतील. तक्त्यातून आकडा उचलण्याचे काम आता सॉफ्टवेअर करतेच.

यंदाही पावसाळ्याआधी राज्यभर पुलांची, शाळांची, टाक्यांची पाहणी होईल. हजारो तक्ते भरले जातील आणि त्यांतल्या बहुतेकांत स्थितीच्या रकान्यात एखादा छोटा शब्द लिहिला जाईल. त्या शब्दाच्या भरवशावर रात्रीची एसटी पुलावरून जाईल आणि मुले वर्गात बसतील. तो शब्द लिहिणाऱ्याला निदान एक बांधकाम तीन वर्षे डोळ्यांसमोर जुने होताना पाहायला लावणे, ही चार वर्षांच्या पदवीकडून फार मोठी अपेक्षा नाही.